थंड शेवया

मे महिन्यात दुपारी दोन वाजता चक्कीत उभं राहणं म्हणजे काय, ते चक्कीवाल्यालाच ठाऊक. वर टिना, मधे दहा हॉर्सपॉवरची मोटर, दगडातून निघणारं गरम पीठ, आणि तेच पीठ मानेवरच्या घामात कालवून झालेली कणीक. भूक मरून जाते. गडूभर ताक प्यायचं, नाहीतर कैरीचं पन्हं, आणि ऊन उतरायची वाट पाहायची. आमच्या हिंगणघाट तालुक्यात नवतपा लागायच्या आधीच पारा ४५ वर जाऊन बसतो. उन्हाळ्यात पोटात काय ढकलायचं, हा घरोघरी रोजचा घोर.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड या दुपारच्या दोन वाजण्यातूनच निघाली.

झालं असं की धाकट्या भावाची पोरगी नागपुरात शिकते. तिला खोली बदलायची होती. भाऊ कापसाच्या चुकाऱ्यामागे फिरत होता, म्हणून मी आणि बायको गेलो. गादी, कूलर, पुस्तकांची दोन पोती आणि आईनं दिलेला डबा, ज्यात शेवया, कुरोड्या आणि लिंबाचं लोणचं. सामान तिसऱ्या माळ्यावर चढवता चढवता दुपारचा एक वाजला. लिफ्ट होती, पण बंद होती. पुतणीला आमची दया आली असावी. म्हणाली, "मोठेबाबा, चला, आज तुम्हाला थंड शेवया खाऊ घालते."

मी म्हटलं, "शेवया तं डब्यात हायेत, दूध आन फक्त."

"तशा नाही हो. कोरियन. बर्फातल्या."

बायको लगेच म्हणाली, "माझा गुरुवार आहे." गजानन महाराजांचा गुरुवार ती १९ वर्षांपासून करते. ताप असो, लग्न असो, गुरुवार म्हणजे गुरुवार. पुतणी म्हणाली, मोठी आई, तुम्ही नुसत्या थंड हवेत तर बसाल. यावर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता.

हॉटेल लहानच. बारा-तेरा टेबलं, भिंतीवर गोऱ्यागोमट्या गाणाऱ्या पोरांचे फोटो, आणि आमच्याशिवाय पंचविशीच्या पुढचं कोणी नाही. वाढणारा मुलगा मणिपूरचा होता, नीट हिंदी बोलायचा, आणि माझ्या बायकोला पहिल्या मिनिटापासून 'आंटीजी' म्हणत होता. कार्डावर नावं मराठीत काय, हिंदीतही नव्हती. पुतणी वाचून दाखवायला लागली: नेंगम्योन. 'नेंग' म्हणजे थंड, 'म्योन' म्हणजे शेवया. त्यात दोन प्रकार. एक 'मुल', एक 'बिबिम'.

"मूल? चंद्रपूरचं मूल?"

"मोठेबाबा, मुल म्हणजे पाणी. पाण्यातल्या शेवया. बिबिम म्हणजे कालवलेल्या, तिखट."

मी मुल घेतलं, नाव ओळखीचं वाटलं म्हणून. किंमत ४२० रुपये. आमच्याकडे दळणाई सहा रुपये किलो. म्हणजे एका वाडग्यासाठी ७० किलो दळण. हा हिशेब मी मनातच केला होता, पण बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहून ओळखला.

मग मी माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला: पीठ कशाचं? पुतणी म्हणाली, बकव्हीटचं. म्हणजे गव्हाचाच काही प्रकार? नाही म्हणे, व्हीट फक्त नावात आहे. तिनं फोनमध्ये दाण्याचा फोटो काढून दाखवला आणि मी हसलोच. तिकोनी दाणा, काळपट टरफल. अहो, हा तर कुट्टू! आमच्या गावातल्या किराणावाल्याचं घर मूळचं राजस्थानचं. दर नवरात्रात त्यांच्याकडून दोन किलो कुट्टू दळायला येतो आणि त्यासाठी मी दगड साफ करून देतो. एवढं जुनं गिऱ्हाईक, पण त्या पिठाचं ते काय करतात हे कधी विचारलं नव्हतं. पुऱ्या, पकोडे करत असतील असं धरून चाललो होतो.

कुट्टू म्हटल्यावर बायको सावरून बसली. "म्हणजे उपासाचं पीठ?"

आता आपल्याकडे उपासाला साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. कुट्टू ही उत्तरेकडची चाल. पण चालतो तो चालतोच. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, यात आणखी काय असतं? नुसत्या कुट्टूला चिकटपणा नसतो, म्हणून त्यात शकरकंदाचा स्टार्च घालतात, असं त्यानं आत विचारून येऊन सांगितलं. शकरकंद म्हणजे रताळं. बायकोचा चेहरा असा उजळला, की जणू महाराजांनीच पाठवलं. मग रस्सा कशाचा? तिकडे मूळ रस्सा गोमांसाचा असतो, इथं मात्र कोंबडीचा आणि मुळ्याच्या आंबवलेल्या पाण्याचा. झालं. कोंबडी गेली, मुळाही उपासाला चालत नाही. बरीच वाटाघाट होऊन आंटीजींसाठी वेगळा वाडगा ठरला: धुतलेल्या शेवया, काकडी, नाशपातीच्या फोडी, मीठ आणि बर्फ. त्या पोरानं एकदाही कपाळाला आठी पाडली नाही. त्याचे पैसेही अर्धेच लावले.

वाडगे आले. स्टीलचे, मोठे, बाहेरून दव सुटलेले. आत रस्सा अर्धवट गोठलेला, उसाच्या रसात बर्फाचा चुरा तरंगतो तसा. मधे राखाडी शेवयांची गुंडाळी, आमच्याकडच्या सरगुंड्यासारखी वळून ठेवलेली. वर काकडी, मुळ्याच्या पातळ चकत्या, नाशपातीची फोड, अर्धं उकडलेलं अंडं. मी काटा-चमचा शोधतोय तेवढ्यात त्या पोरानं खिशातून कात्री काढली. खरोखरची कात्री. कापड कापायची. म्हणाला, "अंकल, काट दूँ?" आणि होकाराची वाट पाहत उभा राहिला.

बायकोनं त्याला हातानंच थांबवलं. शेवया कधी तोडू नये असं तिचं म्हणणं. गंमत म्हणजे तिकडेही जुनी माणसं असंच म्हणतात, हे नंतर कळलं. लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य, म्हणून कात्री लावायची नाही, दातानं तोडायची. आम्ही दोघांनी कात्री परत पाठवली आणि पुढची दहा मिनिटं पस्तावलो. त्या शेवया अशा चिवट, की एक टोक घशात, दुसरं वाडग्यात आणि मधे माणूस अडकलेला. त्यात काड्या लोखंडी आणि गुळगुळीत. शेवटी मी चमचा मागितला.

आता चव. खरं लिहितो. पहिला घोट घेतला आणि वाटलं, आचारी मीठ टाकायचं विसरला. फिकं. वरणाच्या वरचं निवळ पाणी थंड करून दिल्यासारखं. मागून कुठंतरी कोंबडीचा वास, थोडा आंबटपणा, बस. आम्ही सावजीच्या तर्रीवर वाढलेली माणसं. जेवताना नाक वाहिलं नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. पुतणीनं टेबलावरचं व्हिनेगर आणि मोहरी पुढं सरकवली. मोहरी पिवळी, पातळ, पाण्यात कालवलेली. चमचाभर घातली आणि नाकातून थेट डोक्यात गेली. हा झटका मात्र ओळखीचा होता. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतात, तोच. पाणी घालून घोटल्याशिवाय मोहरीचा झणका उठत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे तर.

पुतणीच्या बिबिममधला एक घास घेतला. लाल, तिखट, किंचित गोड. ते मला लगेच आवडलं. म्हणालो, मी चुकीचं मागवलं.

बायको बराच वेळ काही बोलली नव्हती. ती शांतपणे खात होती. मग म्हणाली, "याला पिठाची चव येते."

मी तिच्या वाडग्यातला घास घेतला. खरंच येत होती. भाजलेल्या दाण्यासारखी, जराशी मातकट, मागाहून किंचित कडसर. माझ्या वाडग्यात ती रस्स्याखाली दबली होती. २७ वर्षं मी पीठ दळतोय आणि पिठाची चव बायकोनं सांगितल्यावर कळते, हे काही मी तिथं कबूल केलं नाही. शेवटी त्या पोरानं शेवया उकळलेलं कोमट पाणी पेल्यात आणून दिलं. पांढुरकं, पेजेसारखं. पिऊन पाहा म्हणाला. आमच्याकडे ते मोरीत जातं.

बसमध्ये घरी येताना बायकोला म्हटलं, पैसे वाया गेले. ती म्हणाली, हवा थंड होती.

मग पाच दिवसांनी ते झालं.

दुपारचे दोन. चक्कीवर हरभऱ्याचं दळण चालू होतं, आणि डाळीचं पीठ दगडाला कसं धरतं ते दळणाऱ्यालाच माहीत. बाहेर कुत्रंही नाही. घरून डबा आला होता, वांग्याची भाजी आणि भाकर. उघडून पाहिला आणि तसाच झाकला. आणि एकदम तो वाडगा आठवला. लाल बिबिम आठवलं नाही, तो फिका, पाणचट, ४२० रुपयांचा वाडगा आठवला. तोंडाला पाणी सुटलं. त्या चवीत पकडायला काही नव्हतं, तरी तीच जिभेच्या मागे कुठंतरी बसून राहिली होती. उन्हानं माणूस उकडून निघाला की तिखट नको वाटतं, गोड नको वाटतं, असं काहीतरी हवं असतं की जे पोटात जाऊन भांडणार नाही. पहिल्या दिवशी मी एसीत बसून खाल्लं होतं. ते खाण्याची जागा चक्की होती.

त्या रात्री अंगणात बाजेवर पडून फोनवर वाचत बसलो. पहिलाच धक्का हा, की हा पदार्थ मुळात उन्हाळ्याचा नाहीच. हिवाळ्याचा. कोरियाच्या उत्तरेकडे, प्योंगयांगच्या बाजूला, डोंगराळ थंड मुलुखात कुट्टू पिकतो. तो निघतो पावसाळ्यानंतर, म्हणजे ताजं पीठ थंडीतच. मुळ्याचं आंबवलेलं पाणी मडक्यात मुरतं तेही थंडीत. आणि बर्फ तर दारातच पडलेला. हे तिन्ही ज्या दिवसांत एकत्र येतात, त्या दिवसांत तो पदार्थ. १८४९ सालच्या एका कोरियन पुस्तकात कोणत्या महिन्यात काय करतात-खातात याची नोंद आहे, त्यात या शेवया अकराव्या महिन्यात टाकल्या आहेत आणि वायव्येकडच्या सगळ्यांत चांगल्या असंही म्हटलंय. तिकडे घराच्या जमिनीखालून चुलीचा धूर फिरवून जमीन तापवतात. त्या ऊबदार जमिनीवर बसून बर्फातल्या शेवया. पुढं बर्फाचे कारखाने आले, फ्रीज आले, आणि पदार्थ उन्हाळ्यात सरकला.

हे आईला वाचून दाखवलं. आई ८२ वर्षांची, शेजारच्या बाजेवर. मला वाटलं ती म्हणेल, येडे लोक. ती म्हणाली, "त्यात काय. हिवाळ्यात आपुन शेकोटीपाशी बसून शिळी भाकर अन् दही खातच होतो ना. आंग गरम, तोंड थंड."

यावर मी काय बोलणार.

मग १९५० ते ५३ चं युद्ध. उत्तरेतून लाखो माणसं दक्षिणेत पळाली आणि सोबत आपला पदार्थ घेऊन गेली. बुसानच्या बंदरात निर्वासितांना कुट्टू मिळेना, तेव्हा मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाच्या शेवया करून त्यांनी त्याच थंड रस्स्यात टाकल्या. त्याला आजही तिथं वेगळं नाव आहे, मिलम्योन, आणि लोक आता तो आवडीनं खातात. आई म्हणाली, "आमी नाही का बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाल्ली. लाल भाकर." मिलो म्हणजे परदेशातून आलेली रेशनची लाल ज्वारी. फरक एवढाच, की मिलोची आठवण सगळे काढतात, पण ती परत कोणी मागितली नाही.

मला सगळ्यांत आवडलं ते २०१८ चं. त्या वर्षी २७ एप्रिलला दोन्ही कोरियांचे नेते सीमेवर पानमुनजोमला भेटले. जेवणात प्योंगयांगच्या ओकर्यू-ग्वान या प्रसिद्ध हॉटेलातल्या याच शेवया होत्या. तयार शेवया डब्यात घालून आणल्या नाहीत. तिथला मुख्य आचारी आला आणि शेवया पाडायचं यंत्र आलं. सीमेच्या पलीकडच्या, उत्तरेच्या इमारतीत ते बसवलं, तिथं शेवया पाडल्या आणि अलीकडे मेजावर पोचवल्या. त्याच दिवशी सोलमध्ये या शेवयांच्या हॉटेलांपुढं रांगा लागल्या होत्या. आणि यंत्रच का आणलं, ते चक्कीवाल्याच्या लगेच ध्यानात येतं: अशी शेवई पडल्याबरोबर उकळत्या पाण्यात गेली पाहिजे. वाटेत ठेवली की तिचा लगदा होतो. म्हणून देशांचा समझोता व्हायला यंत्र गाडीत घालून आणावं लागलं.

हे वाचलं आणि मनात किडा वळवळला. यंत्र तर माझ्याकडेही आहे.

उन्हाळ्याचे दोन महिने मी चक्कीच्या बाजूला शेवयांचं मशीन लावतो. बाया रवा-मैदा भिजवून आणतात, मशीनमधून पाडून नेतात, घरी दोरीवर वाळवतात. नागपूरच्या इतवारीतून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून दोन किलो अख्खा कुट्टू मागवला. पीठ मुद्दाम मागवलं नाही. कुट्टूचं पीठ लवकर खवट होतं, आणि दर नवरात्रात उत्तरेकडून जुनं पीठ खाऊन माणसं दवाखान्यात गेल्याची बातमी येतेच. दगड धुतला, वाळवला, आणि जरा मोकळा ठेवून दळलं. टरफल उडालं, ते चाळून काढलं. पीठ निघालं राखी-पांढरं. थोडा कोंडा राहू दिला तर रंग काळसर येतो, चवही जास्त, पण दाताला कचकच. हे मी तीन चाळण्या बदलून पाहिलं. गहू नसल्यामुळे, आणि गवताच्या जातीचाही नसल्यामुळे, याला गव्हाची चिकी नाही. आमच्या आंबट चुक्याच्या कुळातलं हे झाड. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकर थापताना कडा फाटतात, ते रडगाणं माझ्या चक्कीवर रोज चालतं. याची विरी मुळातच नाही.

पहिला प्रयोग थंड पाण्यात भिजवून, मशीनमध्ये. जाळीतून शेवया पडायच्या ऐवजी चुरा पडला. वाळलेल्या शेणासारखा चुरा, हा शब्द बायकोचा. मग तो जाळीत अडकला. मशीन खोलून, सुईनं एकेक भोक साफ करायला दीड तास लागला. तोवर दारात चार बाया भिजवलेल्या रव्याची गंजं घेऊन उभ्या होत्या आणि मी काय करून राहिलो ते मोठ्यानं एकमेकींना सांगत होत्या.

त्यानंतर आईनं लक्ष घातलं. तिनं पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, "उकळतं पाणी टाकलं का?"

नव्हतं टाकलं. तांदळाच्या भाकरीला उकड काढतात, तसं करायचं. पुढं वाचलं तर कोरियातही कणीक गरम पाण्यातच मळतात. रताळ्याचा स्टार्च कुठून आणायचा? बायको म्हणाली, साबुदाणा दळा. दोन वाट्या कुट्टू, एक वाटी साबुदाण्याचं पीठ, मीठ, उकळतं पाणी. हात भाजत भाजत मळलं. गोळा आला, घट्ट, गुळगुळीत. मग मशीन बाजूला ठेवलं आणि आईचा कुरोड्यांचा पितळी सोऱ्या काढला.

चुलीवर गंजभर पाणी. पहिला घाणा फसला, कारण पाणी नुसतं तापलं होतं, खळखळत नव्हतं. शेवया तळाशी बसून खीर झाली. दुसऱ्या वेळी पाणी उसळू दिलं आणि सोऱ्या दाबला. दाबला म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. कणीक एवढी घट्ट, की मूठ फिरेना. शेजारचं पोट्टं बोलावलं, त्यानं खालून धरलं, मी वरून जोर दिला. तिकडे जुन्या काळी चुलाण्यावर लाकडी दाबयंत्र असायचं, लांब दांड्याचं, आणि माणूस सगळं अंगाचं वजन त्या दांड्यावर टाकायचा. त्या माणसाबद्दल मला आता फार आदर आहे.

पण शेवया पडल्या. अखंड. मिनिटभरात वर आल्या. आता थंड पाण्यात टाकून चोळून धुवायच्या, म्हणजे वरचा चिकटा जातो आणि शेवई आवळते. आमच्या टाकीचं पाणी मे महिन्यात चहाला चालेल एवढं गरम. म्हणून रांजणातलं घेतलं, आणि रसवंतीवाल्याकडून वीस रुपयांचा बर्फ आणला.

रस्सा दोन दिवस आधीच लावला होता. मुळ्याच्या फोडी, मीठ, आलं, लसूण, दोन हिरव्या मिरच्या, पाणी, बरणीत. तिकडे थंडीत हे निवांत मुरतं. इथं दीड दिवसात बरणीचं झाकण उडालं. उन्हाळ्यातला मुळा तसाही जून, तिखट. पण पाणी आंबट-खारट छान झालं होतं, त्यात साखर चिमूटभर आणि गार पाणी. कोंबडी घातली नाही, आईला नको होती. नाशपातीच्या जागी कैरीच्या फोडी. मोहरी बायकोनं पाट्यावर फेसली, नागपूरच्यापेक्षा चढ होती.

डबा घेऊन चक्कीवर बसलो, मुद्दाम दोन वाजता, मोटर बंद करून. वाटेत बर्फ बराच वितळला होता. शेवया नागपूरच्यांपेक्षा जाड, थोड्या तुटक्या. पण पिठाचा वास आला, आदल्या दिवशी दळलेल्या ताज्या पिठाचा, आणि तो नागपूरला एवढा नव्हता. हे मी स्वतःच्या चक्कीची बढाई म्हणून सांगतोय असं समजा, हरकत नाही.

बायकोनं गुरुवारी स्वतःचा वेगळा प्रकार केला. मुळा नाही, मोहरी नाही, लसूण नाही. पातळ ताक, सैंधव, जिरं, काकडी, हिरवी मिरची, वर दाण्याचा कूट, खाली कुट्टू-साबुदाण्याच्या शेवया, आणि बर्फ. पुतणीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "मोठी आई, हे नेंगम्योन नाही. या ताकातल्या शेवया आहेत." बायको म्हणाली, "मग काय झालं? महालक्ष्म्यांच्या आंबिलीसारखं लागते." ज्वारीच्या आंबिलीचा तो थंड आंबट घोट खरंच त्यात होता. पुतणीनं आणखी एक सांगितलं: कोरियात उन्हाळ्यात सोयाबीन भिजवून, उकडून, वाटून त्याच्या थंडगार दुधातही शेवया खातात. आमच्या चारी बाजूंना सोयाबीनच सोयाबीन. विकायला नेतो, भावावरून शिव्या देतो, आणि घरात एक दाणा शिजत नाही. हे पुढच्या उन्हाळ्यावर ठेवलंय. साबुदाणा दळल्यावर दगड धुवायचा वैताग आहेच, त्यात सोयाबीन नको.

आईला पहिल्या दिवशी वाडगा दिला तेव्हा तिच्या तोंडात वरचे दोन आणि खालचे तीन दात. शेवया तिला तुटेनात. बायकोनं शिलाईची कात्री धुऊन आणली. मी म्हटलं, अगं, तोडायच्या नसतात, आयुष्य लांबतं त्यानं. आई म्हणाली, "ब्याऐंशी झाले. काप तू."

कापून दिल्या. तिनं सगळ्या खाल्ल्या, रस्साही वाडगा तोंडाला लावून प्यायला, आणि मीठ कमी आहे म्हणाली.

डब्यात अजून पाऊण किलो कुट्टू शिल्लक आहे, अख्खा. आषाढीला दळीन. सोऱ्या शेजारणीनं कुरोड्यांसाठी नेला तो अजून आणला नाही, आणि त्याची एक बाजूची मूठ आम्ही वाकवली हे तिला सांगायचं राहिलंय.